दुसऱ्या मशीनवर चालू असलेल्या जावा प्रोग्रामची विचारपूस करणारा क्लायंट स्वतः कसा लिहायचा

सर्व्हरवर जावाचं ॲप्लिकेशन चालू आहे, मेमरी हळूहळू भरत चाललीय, आणि आपण आपल्या लॅपटॉपवर बसून लॉग वाचत अंदाज बांधतोय. प्रॉडक्शन सपोर्टला काम केलेल्या कुणालाही हे नवीन नाही. पण त्या चालू जेव्हीएमला, म्हणजे जावा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेला, थेट विचारता येतं की बाबा रे तुझी हीप, म्हणजे ऑब्जेक्टसाठीची मेमरी, किती भरलीय, थ्रेड किती आहेत, त्यातले एकमेकांत अडकलेले किती, जीसीत, म्हणजे नको झालेले ऑब्जेक्ट झाडून काढणाऱ्या गार्बेज कलेक्शनमध्ये, किती वेळ गेला, आणि हे विचारायची सोय जावाच्या आतच आहे, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. तिचं नाव जेएमएक्स, म्हणजे जावा मॅनेजमेंट एक्स्टेन्शन्स. २००४ मध्ये जावा ५ आलं तेव्हापासून ती जेडीकेसोबतच, म्हणजे जावाच्या डेव्हलपमेंट किटसोबतच येते.

आता कुणी म्हणेल की त्यासाठी जेकन्सोल आहे ना, व्हिज्युअलव्हीएम आहे, हे आकडे पडद्यावर दाखवणारी तयार टूल्स आहेत, कशाला कोड लिहायचा. बरोबर आहे, एकच सर्व्हर असेल आणि तुम्ही समोर बसलेले असाल तर जेकन्सोल उत्तम. पण तीस सर्व्हर असतील, रात्री तीन वाजता बघायचं असेल, आणि नुसतं बघायचं नसून अमुक झालं की तमुक करायचं असं असेल तर स्वतःचा क्लायंट लागतो. आणि हे काही आडवळणाचं काम नाही. कॅसांड्रा डेटाबेस वापरणारे लोक रोज नोडटूल नावाची कमांड चालवतात, ती आतून जेएमएक्सचा क्लायंटच आहे, ७१९९ पोर्टवर जोडणी करते, दोन-चार गोष्टी विचारते, उत्तर छापते आणि बंद होते. आपल्यालाही तेच करायचंय.

मला या लेखात एकच गोष्ट नीट पोचवायचीय. हा क्लायंट लिहायला पंधरा-वीस ओळी पुरतात, तरी लोक दोन-दोन दिवस अडकतात, कारण ओळ इथे लिहिलेली असते आणि काम तिकडे होतं. म्हणून प्रत्येक ओळीला हा प्रश्न विचारायची सवय लावा की हे नेमकं कुठे घडणार, माझ्या मशीनवर की सर्व्हरवर. पुढचं सगळं मी याच प्रश्नाला धरून सांगतो.

आधी तिकडची बाजू. प्रत्येक जेव्हीएमच्या आत एमबीन सर्व्हर नावाची एक यादी असते आणि त्या यादीत एमबीन नावाचे ऑब्जेक्ट नोंदवलेले असतात. एमबीन म्हणजे ज्याच्याकडे वाचायच्या काही किमती असतात, म्हणजे ॲट्रिब्यूट, आणि करायला सांगता येतील अशी काही कामं असतात, म्हणजे ऑपरेशन. प्रत्येकाला एक नाव असतं आणि त्या नावाचे दोन भाग, आधी डोमेन, मग कोलन, मग टाइप बरोबर अमुक, नेम बरोबर तमुक अशा जोड्या. जेव्हीएमचे स्वतःचे एमबीन जावा डॉट लँग या डोमेनखाली असतात, म्हणजे मेमरीचा वेगळा, थ्रेडिंगचा वेगळा, प्रत्येक गार्बेज कलेक्टरचा वेगळा. टॉमकॅट या वेब सर्व्हरचे कॅटलिना या डोमेनखाली. संदेश पोचवणाऱ्या काफ्काच्या ब्रोकरचे, म्हणजे त्याच्या सर्व्हरचे, बरेचसे काफ्का डॉट सर्व्हरखाली, त्यात अंडर रेप्लिकेटेड पार्टिशन्स नावाचा, म्हणजे डेटाच्या ज्या भागांच्या प्रती पुरेशा नाहीत त्यांचा, आकडा असतो, तो शून्याच्या वर जाऊन तिथेच राहिला तर लगेच लक्ष घालायला पाहिजे. टॉमकॅटच्या बाबतीत एक बारकावा आहे, थ्रेडपूलच्या नावात एचटीटीपी-एनआयओ-८०८० हा भाग दुहेरी अवतरण चिन्हांत असतो आणि ती चिन्हं नावाचाच भाग आहेत, ती न लिहिता शोधलं तर असा एमबीनच नाही असं उत्तर येतं. माणूस तासभर स्पेलिंग तपासत बसतो आणि स्पेलिंग बरोबरच असतं.

ही यादी बाहेरून दिसावी म्हणून सर्व्हरची जेव्हीएम सुरू करताना काही प्रॉपर्टी द्याव्या लागतात, म्हणजे पोर्ट कुठलं, लॉगिन लागेल का, एसएसएल, म्हणजे बोलणं एन्क्रिप्ट करायची सोय, लागेल का. पोर्ट दिलं की लॉगिन आणि एसएसएल दोन्ही आपोआप चालू धरले जातात. पण इंटरनेटवरून कॉपी केलेल्या जवळपास प्रत्येक उदाहरणात ते दोन्ही फॉल्स केलेले दिसतात, आणि तेच उचलून प्रॉडक्शनला जातं. त्यावर शेवटाकडे येतो.

आता जोडणी. क्लायंटला द्यायचा पत्ता पहिल्यांदा बघणाऱ्याला विचित्रच वाटतो. सर्व्हिस कोलन जेएमएक्स कोलन आरएमआय कोलन, मग तीन स्लॅश, मग जेएनडीआय, स्लॅश, आरएमआय कोलन दोन स्लॅश, मग होस्टचं नाव कोलन पोर्ट, आणि शेवटी स्लॅश जेएमएक्सआरएमआय. एवढं लांबलचक का, कारण यात दोन वेगळ्या पायऱ्या एकाच ओळीत बसवल्यात. सुरुवातीचा आरएमआय सांगतो की बोलणं जावाच्या आरएमआयवरून, म्हणजे दुसऱ्या जेव्हीएममधल्या ऑब्जेक्टची मेथड बोलवायच्या सोयीवरून होईल, आणि जेएनडीआयच्या, म्हणजे नावावरून ऑब्जेक्ट शोधायच्या सोयीच्या, पुढचा भाग सांगतो की ज्याच्याशी बोलायचं त्याचा ठावठिकाणा अमुक होस्टच्या अमुक पोर्टवरच्या रजिस्ट्रीत विचारा.

ही रजिस्ट्री म्हणजे सरकारी ऑफिसातली चौकशीची खिडकी समजा. खिडकीवर तुमचं काम होत नाही, तिथे एक चिठ्ठी मिळते की साहेब अमुक मजल्यावर अमुक खोलीत बसतात, आणि मग त्या खोलीत तुम्हालाच जायचं असतं. जेएमएक्समध्येही तसंच, रजिस्ट्रीचं पोर्ट तुम्ही ठरवलेलं असतं, ९९९९ म्हणा, पण ज्या ऑब्जेक्टशी खरं बोलायचं तो वेगळ्या पोर्टवर बसलेला असतो, आणि तुम्ही काही सांगितलं नसेल तर ते पोर्ट जेव्हीएम मनाने निवडते, दर रिस्टार्टला नवीन. फायरवॉलवाल्यांनी ९९९९ उघडून दिलेलं असतं, खिडकीपर्यंत तुम्ही पोचता, चिठ्ठी मिळते, आणि खोलीचं दार बंद. म्हणूनच टेलनेट करून बघितलं तर पोर्ट उघडं दिसतं आणि क्लायंट मात्र लटकतो. जावा ७ च्या एका अपडेटपासून आरएमआयचं पोर्टही ठरवून देता येतं, प्रॉपर्टीचं नाव जेएमएक्सरिमोट डॉट आरएमआय डॉट पोर्ट असं संपतं, आणि ते रजिस्ट्रीच्याच पोर्टएवढं ठेवलं तरी चालतं, मग फायरवॉलमध्ये एकच भोक पुरतं. मी म्हणेन की कायम असंच ठेवा.

चिठ्ठीची दुसरी गंमत त्याहून जास्त लोकांना छळते. चिठ्ठीवर पत्ता कोण लिहितं? सर्व्हर लिहितो, आणि स्वतःला तो जसा दिसतो तसा लिहितो. उबुंटू किंवा डेबियनवर मशीनचं नाव बऱ्याचदा १२७.०.१.१ कडे वळवलेलं असतं, मग सर्व्हर चिठ्ठीवर तेच लिहून देतो, आणि तुमचा क्लायंट ती चिठ्ठी घेऊन स्वतःच्याच मशीनवर खोली शोधत फिरतो. एरर येते कनेक्शन रिफ्यूज्ड, आणि त्यात आयपी बघितला तर तुम्ही कधीच न दिलेला. डॉकरमध्ये हेच, कंटेनर आपला आतला पत्ता लिहून देतो जो बाहेरून पोचण्यासारखा नसतो. उपाय सर्व्हरच्या बाजूला आहे, जावा डॉट आरएमआय डॉट सर्व्हर डॉट होस्टनेम ही प्रॉपर्टी, त्यात क्लायंटला ज्या नावाने पोचता येईल ते नाव. क्लायंटच्या कोडमध्ये कितीही खटपट केली तरी हे सुटत नाही, कारण चूक इथे दिसते पण लिहिली गेली तिकडे.

एवढं झालं की कोड अगदी सरळ. जेएमएक्स सर्व्हिस यूआरएल या क्लासचा ऑब्जेक्ट बनवायचा त्या लांब पत्त्यापासून, जेएमएक्स कनेक्टर फॅक्टरीच्या कनेक्ट मेथडला तो द्यायचा, सोबत एक मॅप द्यायचा ज्यात क्रेडेन्शियल्स या कीखाली युजरनेम आणि पासवर्ड अशा दोन स्ट्रिंगचा ॲरे, आणि परत येतो तो कनेक्टर. त्या कनेक्टरकडून एमबीन सर्व्हर कनेक्शन मागायचं. हे कनेक्शन म्हणजे तिकडच्या यादीचा इकडचा प्रतिनिधी, यावर जी मेथड बोलवाल ती नेटवर्कवरून तिकडे जाऊन चालते. कनेक्टर ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्येच, म्हणजे उघडलेली गोष्ट आपोआप बंद करणाऱ्या ट्राय ब्लॉकमध्येच उघडा, म्हणजे काहीही झालं तरी बंद होईल. हे आवर्जून सांगतोय कारण दर मिनिटाला नवीन कनेक्टर उघडून बंद न करणारे क्लायंट असतात, आणि प्रत्येक उघड्या कनेक्टरमागे दोन्हीकडे थ्रेड अडकून राहतात. मॉनिटरिंगमुळेच सर्व्हर आजारी पडावा हे कुणालाच नको असतं.

कनेक्ट मेथडला स्वतःचा टाइमआउट द्यायची जागा नाही हे पण माहीत असू द्या. समोरचं मशीन अर्धवट लटकलेलं असेल तर तुमचा थ्रेडही लटकतो, आणि तीस सर्व्हर एकामागून एक बघणारा क्लायंट चौथ्यावरच थांबून राहतो. म्हणून कनेक्टचं काम वेगळ्या थ्रेडला द्यायचं आणि फ्यूचरवर, म्हणजे त्या कामाचं उत्तर नंतर देणाऱ्या ऑब्जेक्टवर, पाचएक सेकंद वाट बघून पुढे जायचं. पण मग तो मागे राहिलेला थ्रेड नंतर कधीतरी यशस्वी झाला तर मिळालेला कनेक्टर त्यानेच बंद करायला हवा, नाहीतर वर सांगितलेली गळती मागच्या दाराने परत आली.

वाचण्याचं काम गेट ॲट्रिब्यूट करते. मेमरीच्या एमबीनला हीप मेमरी यूसेज विचारलं तर एक आकडा येत नाही, कॉम्पोझिट डेटा नावाचं छोटं गाठोडं येतं, त्यात इनिट, यूज्ड, कमिटेड आणि मॅक्स असे चार आकडे बाइटमध्ये. टक्केवारी काढायला यूज्ड भागिले मॅक्स करायचं, पण मॅक्स ठरलेला नसेल तर तिथे उणे १ येतो, मेटास्पेसला, म्हणजे क्लासची माहिती ठेवायच्या मेमरीला, मर्यादा घातलेली नसली की हमखास येतो, आणि मग तुमच्या रिपोर्टमध्ये उणे टक्के छापले जातात. आधी तपासा. जीसीच्या एमबीनचे कलेक्शन काउंट आणि कलेक्शन टाइम हे आकडे जेव्हीएम सुरू झाल्यापासूनचे एकूण असतात, म्हणून मागच्या वेळचा आकडा जपून ठेवून वजाबाकी करावी लागते, आणि मध्येच सर्व्हर रिस्टार्ट झाला की वजाबाकी उणे येते. ते ओळखायला रनटाइमच्या एमबीनमधला स्टार्ट टाइम सोबत वाचा, तो बदलला म्हणजे जेव्हीएम नवी. पण तो तिकडच्या घड्याळाचा वेळ आहे, तुमच्या घड्याळाशी त्याची तुलना करू नका, त्याचीच मागच्या वेळच्या त्याच्याशी करा.

आणि हीप किती भरलीय याच एका आकड्यावर अलार्म लावू नका हे मी कळकळीने सांगेन. हीप भरत जाते, जीसी होतं, खाली येते, परत भरते, हे तिचं रोजचं वागणं आहे, ९० टक्क्यांवर सापडली म्हणून आजारी असेल असं नाही. खरा प्रश्न असा की जीसी झाल्यावर किती उरलं. तो आकडा मेमरी पूलच्या, म्हणजे मेमरीच्या एकेका कप्प्याच्या, एमबीनमध्ये कलेक्शन यूसेज या नावाने तयार मिळतो. ओल्ड जनरेशनच्या, म्हणजे बराच काळ टिकलेल्या ऑब्जेक्टच्या, पूलचा हा आकडा दिवसेंदिवस चढत असेल तर मेमरी लीक आहे असं समजून कामाला लागा. पूलचं नाव मात्र कलेक्टरप्रमाणे बदलतं, कलेक्टर जी१ (G1) असेल तर जी१ ओल्ड जेन, पॅरलल असेल तर पीएस ओल्ड जेन, म्हणून नाव कोडमध्ये पक्कं न लिहिता क्वेरी नेम्सला स्टार टाकून सगळे पूल मागवा आणि त्यातला हवा तो निवडा.

प्रत्येक गेट ॲट्रिब्यूट म्हणजे नेटवर्कची एक फेरी. एकाच एमबीनकडून सहा किमती हव्या असतील तर गेट ॲट्रिब्यूट्स, अनेकवचनी, त्यात सहाही नावं एकदम देता येतात. फक्त त्यातलं एखादं नाव चुकलं असेल तर एरर येत नाही, ती किंमत उत्तरात गपचूप गाळली जाते, त्यामुळे क्रमाने वाचू नका, नावाने शोधून वाचा.

स्ट्रिंगमध्ये नावं लिहीत बसायचा कंटाळा येत असेल तर प्रॉक्सी, म्हणजे तिकडच्या एमबीनचा इकडचा प्रतिनिधी ऑब्जेक्ट, आहे. जेव्हीएमच्या स्वतःच्या एमबीनसाठी मॅनेजमेंट फॅक्टरीच्या न्यू प्लॅटफॉर्म एमएक्सबीन प्रॉक्सीला कनेक्शन, नाव आणि मेमरी एमएक्सबीन हा इंटरफेस दिला की साधा जावा ऑब्जेक्ट हातात येतो, त्याच्यावर गेट हीप मेमरी यूसेज म्हणायचं, झालं. वाचायला छान, पण हा ऑब्जेक्ट इथला दिसतो आणि आहे तिकडचा, लूपमध्ये हजार वेळा बोलवला तर हजार फेऱ्या.

तुमच्या स्वतःच्या ॲप्लिकेशनचा एमबीन लिहिणार असाल तर साध्या एमबीनऐवजी एमएक्सबीन लिहा. साध्या एमबीनने तुमच्या स्वतःच्या क्लासचा ऑब्जेक्ट परत केला तर तो क्लास क्लायंटकडेही असावा लागतो, नाहीतर क्लास नॉट फाउंड. एमएक्सबीन तो ऑब्जेक्ट तिकडेच सोडवून साध्या, सगळ्यांना कळणाऱ्या प्रकारांत पाठवतो, त्यामुळे तुमची जार फाइल नसलेला जेकन्सोलही तो वाचू शकतो. जावा ६ पासून कुणालाही आपला एमएक्सबीन लिहिता येतो.

काम करून घ्यायला इन्व्होक. नाव, ऑपरेशन, पॅरामीटर आणि पॅरामीटरच्या प्रकारांची नावं एवढं द्यायचं. ॲप्लिकेशन जावाचं स्वतःचं लॉगिंग वापरत असेल तर लॉगिंगच्या एमबीनवर सेट लॉगर लेव्हल बोलवून रिस्टार्ट न करता डीबग चालू करता येतं, काम झालं की परत बंद. प्रकार लिहिताना बूलियन छोटा आहे की मोठा, म्हणजे प्रिमिटिव्ह की ऑब्जेक्ट, हे तंतोतंत जुळावं लागतं, नाहीतर अशी मेथडच नाही असं ऐकवलं जातं. हॉटस्पॉट डायग्नॉस्टिकच्या एमबीनवर डम्प हीप, म्हणजे हीपची प्रत फाइलमध्ये उतरवणारं ऑपरेशन आहे, त्याला फाइलचा पथ द्यायचा. आता विचारा, फाइल कुठे तयार होईल? तिकडे. तुमच्या लॅपटॉपवरचा फोल्डर दिला तर सर्व्हर तो स्वतःच्या डिस्कवर शोधणार. आठ जीबीची हीप असेल तर डम्प तेवढ्या मापाचा होऊ शकतो, डिस्कवर तेवढी जागा हवी, त्या नावाची फाइल आधीच असेल तर तो लिहायला नकार देतो, आणि डम्प होईपर्यंत ॲप्लिकेशन थांबलेलं असतं. गर्दीच्या वेळी हे बटण दाबू नये.

दर मिनिटाला विचारण्याऐवजी काही झालं तर मला कळव असंही सांगता येतं, त्याला नोटिफिकेशन म्हणतात. मेमरी पूलला कलेक्शन यूसेजची मर्यादा घालून दिली की ती ओलांडल्यावर मेमरीचा एमबीन सूचना पाठवतो. ॲड नोटिफिकेशन लिसनरला दोन गोष्टी देतो आपण, लिसनर, म्हणजे सूचना आली की चालायचा आपला कोड, आणि फिल्टर, म्हणजे कुठल्या सूचना हव्यात ते ठरवणारा, आणि दोन्ही एकाच ओळीत शेजारी लिहिलेले असले तरी लिसनर इथे चालतो आणि फिल्टर मात्र सीरियलाइझ होऊन, म्हणजे बाइट्समध्ये बदलून, तिकडे जातो. म्हणून तुम्ही स्वतः लिहिलेला फिल्टर क्लास सर्व्हरला माहीत नसेल तर नोंदणीच फसते. जावासोबत येणारा नोटिफिकेशन फिल्टर सपोर्ट वापरला तर ही अडचण नाही. शिवाय सूचना सर्व्हर आपणहून ढकलत नाही, क्लायंटच्या मागे एक थ्रेड सतत विचारत असतो की काही नवीन आहे का, आणि सर्व्हर सूचना एका बफरमध्ये ठेवतो, जो मुळात १००० सूचनांचा असतो. पूर आला आणि क्लायंट मागे पडला तर जुन्या वाहून जातात. तसं झाल्याचं कनेक्टर कळवतो, पण त्यासाठी कनेक्टरवर वेगळा लिसनर लावलेला असावा लागतो, तोच लिसनर जोडणी तुटल्याचंही सांगतो. तो लावाच, कारण सर्व्हर रिस्टार्ट झाला की तुमच्या आधीच्या सगळ्या नोंदण्या गेल्या, नवीन कनेक्टर उघडून त्या परत कराव्या लागतात, आणि लिसनर नसेल तर तुमचा क्लायंट शांतपणे वाट बघत राहील आणि तुम्हाला वाटेल सगळं ठीक चाललंय.

आता ते लॉगिन बंद ठेवण्याचं. उघडं जेएमएक्स पोर्ट म्हणजे कुणी आपले आकडे बघेल एवढाच धोका असं बऱ्याच जणांना वाटतं आणि तो गैरसमज घातक आहे. लॉगिन नसेल तर बाहेरचा माणूस तिकडे नवीन एमबीन तयार करू शकतो, आणि जावात बरीच वर्षं एमलेट नावाचा एक असा एमबीन होता जो दिलेल्या यूआरएलवरून कोड आणून चालवायचा. म्हणजे तुमच्या सर्व्हरवर दुसऱ्याचा प्रोग्राम. एमलेट जावा २३ मध्ये काढून टाकला, पण जुन्या जावावर चाललेली ॲप्लिकेशनं आपल्याकडे किती आहेत हे सांगायला नको. कॅसांड्राचं जेएमएक्स पोर्टही पूर्वी मुळात सगळ्या नेटवर्कला उघडं असायचं, २०१५ मध्ये ती त्रुटी म्हणून नोंदली गेली आणि तेव्हापासून ते मुळात फक्त त्याच मशीनपुरतं असतं.

त्यामुळे पासवर्ड फाइल आणि ॲक्सेस फाइल दोन्ही ठेवा. पासवर्ड फाइल जेव्हीएम चालवणाऱ्या युजरशिवाय कुणालाही वाचता येता कामा नये, तशी परवानगी नसेल तर जेव्हीएम सुरूच होत नाही. जावा १० पासून त्यातले साधे पासवर्ड हॅश करून, म्हणजे उलट वाचता न येणाऱ्या रूपात, परत लिहिले जातात, हे चांगलं झालं. ॲक्सेस फाइलमध्ये नुसते आकडे वाचणाऱ्या क्लायंटला रीडओन्ली द्या, त्याला इन्व्होकची गरजच नाही.

एसएसएलचे सर्टिफिकेट सांभाळणं लगेच जमणार नसेल तर एसएसएच टनेल, म्हणजे एसएसएचच्या सुरक्षित जोडणीतून आपल्या मशीनचं पोर्ट सर्व्हरच्या पोर्टशी जोडणं, हा मला सगळ्यात सुटसुटीत मार्ग वाटतो. सर्व्हरवर जेएमएक्सचं पोर्ट आणि आरएमआयचं पोर्ट दोन्ही ९९९९, होस्टनेमची प्रॉपर्टी लोकलहोस्ट, फायरवॉलमध्ये ९९९९ बंद, आणि तुमच्या मशीनवरून ९९९९ चा टनेल सर्व्हरच्या ९९९९ ला. इथे चिठ्ठीवर लोकलहोस्ट लिहिलेलं असणं हेच आपल्याला हवं असतं, कारण तुमच्या लोकलहोस्टवर टनेलचं तोंड उघडं आहे. दोन्हीकडे पोर्टचा आकडा तोच ठेवा, टनेलच्या या तोंडाला ८८८८ दिलं तर खिडकीपर्यंत पोचाल, पण चिठ्ठीत ९९९९ असेल आणि तिथे कुणी नसेल.